जॉयस्टिकचा हिशेब मायक्रोसेकंदांत

ॲनालॉग जॉयस्टिकचे स्क्रू काढून आत डोकावलं, तर थोडी निराशाच पदरी पडते. एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन पोटेन्शिओमीटर, काठीला मध्यावर परत आणणाऱ्या स्प्रिंगा, एक-दोन बटणं आणि वायरींचा झुबका. आयसी नाही, घड्याळ नाही, विजेच्या सप्लायचाही पत्ता नाही. पोटेन्शिओमीटर, म्हणजे दुरुस्तीवाल्यांच्या बोलीतला ‘पॉट’, हा जुन्या रेडिओत आवाजाच्या बटणामागे असतो तोच. कार्बनचा एक अर्धवर्तुळाकार पट्टा, त्यावरून सरकणारा एक धातूचा हात, आणि तो हात जसजसा सरकेल तसतसा कमी-जास्त होणारा विजेचा रोध. काठी डावीकडे नेली की एका पॉटचा रोध शून्याकडे जातो, उजवीकडे नेली की शंभर-दीडशे किलोओहमपर्यंत चढतो. पुढे-मागे केली की दुसऱ्या पॉटचं तसंच. एवढीच तिची करामत.

अवघड काम तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९७७च्या सुमारास घरांत शिरलेल्या संगणकांना शून्य आणि एक याखेरीज काही कळत नव्हतं, आणि काठी तर या दोहोंच्या मधल्या कुठल्याही जागी उभी राहू शकत होती. ही मधली जागा संगणकाला कशी कळवायची, याची जी उत्तरं त्या काळात शोधली गेली, त्यांची ही पुस्तिका. पुढच्या प्रकरणांत पिनांचे तक्ते आहेत, सर्किटचे आराखडे आहेत, वेगवेगळ्या यंत्रांवर काठी वाचणारे छोटे प्रोग्रॅम आहेत. ते सगळं कोरडं आहे आणि कोरडंच असायला हवं. पण तो तक्ता तसा का झाला, अमुक रोधक तिथे कशासाठी बसला, हे तक्त्यात लिहायला जागा नसते. म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘जॉयस्टिक’ म्हटल्यावर येते ती अटारीची काळी चौकोनी बैठक, लाल बटण आणि मधोमध उभी काठी. ती ॲनालॉग नव्हे. तिच्यात चार दिशांचे चार स्विच आणि बटणाचा पाचवा, एवढंच असतं. काठी किती झुकली हे तिला सांगता येत नाही, फक्त कुठल्या बाजूला झुकली हे सांगता येतं. नऊ पिनांच्या प्लगमधून पाच होय-नाही निघतात आणि संगणक ते जसेच्या तसे वाचतो. स्वस्त, मजबूत, आणि भुलभुलैयात पळणाऱ्या खेळांना पुरेशी. पण विमान थोडंसंच डावीकडे कलवायचं असेल, किंवा चेंडू परतवणारी फळी पडद्यावर नेमक्या जागी न्यायची असेल, तर होय-नाहीने भागत नाही. तिथे पॉट लागतो.

पॉटचा रोध मोजायचा सरळ मार्ग इंजिनिअरांना माहीत होताच. पॉटवर ठरावीक व्होल्टेज द्यायचं, सरकत्या हातावर किती मिळतं ते पाहायचं आणि त्या व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारं सर्किट जोडायचं. स्टॅनफर्डच्या हॅरी गार्लंड आणि रॉजर मेलन यांनी काढलेल्या क्रोमेम्को कंपनीने अल्टेअरच्या पिढीतल्या यंत्रांसाठी हेच केलं. त्यांची जॉयस्टिक रूपांतराचं सर्किट असलेल्या स्वतंत्र कार्डाला जोडायची असे. पद्धत सचोटीची, पण खर्चिक. घरी नेण्याच्या, टीव्हीला जोडण्याच्या संगणकात काठीसाठी एवढी सोय करणं परवडणारं नव्हतं. एकेक आयसी वाचवण्यासाठी रात्र रात्र जागणाऱ्या मंडळींचा तो काळ.

त्यांनी जी युक्ती वापरली ती मोजमापाचं परिमाणच बदलून टाकणारी होती. व्होल्टेज मोजणं महाग असेल, तर वेळ मोजू. वेळ मोजायला संगणकाजवळ घड्याळ असतंच. बारीक धारेच्या नळाखाली घागर लावली, तर ती भरायला किती वेळ लागला यावरून नळ किती उघडा आहे हे सांगता येतं. इथे नळ म्हणजे पॉट आणि घागर म्हणजे कपॅसिटर. रोध कमी असेल तर कपॅसिटर झटकन भारित होतो, जास्त असेल तर सावकाश. कपॅसिटर रिकामा करा, भरायला सोडा, आणि ठरलेल्या पातळीला पोचेपर्यंत मोजत राहा. आलेला आकडा म्हणजे काठीची जागा.

‘ठरलेली पातळी गाठली’ हे ओळखणारी चिप त्या वेळी बाजारात स्वस्तात मिळत होती. मूळचे स्वित्झर्लंडचे हान्स कॅमेंझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१मध्ये ५५५ टायमरची रचना केली, १९७२मध्ये तो बाजारात आला, आणि तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातून तो एकदा तरी गेलेला आहे. पुण्या-मुंबईच्या डिप्लोमा कॉलेजांच्या प्रयोगशाळांत दिवा लुकलुकवण्याचा प्रयोग आजही याच्यावरच करतात. अटारीच्या ‘पाँग’मध्ये, म्हणजे १९७२च्याच त्या प्रसिद्ध खेळात, खेळाडूच्या घुंडीची जागा ५५५नेच ठरत होती. तिथे संगणक नव्हताच. टायमरचा पल्स किती लांब, यावरून पडद्यावर फळी किती खाली काढायची हे सर्किटच ठरवी.

स्टीव्ह वॉझ्नियाक ‘पाँग’च्याच घराण्यातल्या ‘ब्रेकआउट’चं सर्किट अटारीसाठी जुळवून आले होते. ॲपल टू रचताना त्यांच्या मनात एक हट्ट होता: जो खेळ अटारीसाठी हार्डवेअरमध्ये बांधला, तो बेसिकमध्ये लिहून होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या मित्रांना दाखवायचा. रंग, आवाज आणि घुंड्या या तिन्ही गोष्टी त्या यंत्रात आल्या त्यामागे हा हट्ट मोठा होता. एका खेळापायी संगणकाची रचना ठरावी हे कुणाला पोरकट वाटेल. मला तो त्या यंत्राचा मोठा गुण वाटतो. काय करून दाखवायचं हे आधी ठाऊक असलं की कुठला भाग नको हेही कळतं.

ॲपल टूमध्ये चार टायमर एकत्र असलेली ५५८ ही चिप बसवली. चार टायमर, म्हणजे चार घुंड्या किंवा दोन काठ्या. प्रत्येकीला एक ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बाहेरून दीडशे किलोओहमचा पॉट जोडायचा, एक टोक पाच व्होल्टला आणि सरकता हात चिपच्या दिशेने. पॉटला तीन पाय असतात, इथे दोनच वापरले. बाकी सगळं सॉफ्टवेअरवर सोडलं. मेमरीतल्या एका ठरावीक पत्त्याला नुसतं वाचलं की चारही टायमर एकदम सुटतात. मग रॉममधलं एक छोटं रूटीन आपल्याला हवा तो टायमर पुन्हा पुन्हा तपासतं: अजून चालू? एक मिळवा. अजून चालू? आणखी एक. टायमर थांबला की जो आकडा हातात असेल तो परत द्यायचा.

या रूटीनची एक फेरी प्रोसेसरच्या ११ सायकलींची, म्हणजे सुमारे ११ मायक्रोसेकंदांची. २५५ फेऱ्या झाल्या की २.८ मिलिसेकंद होतात आणि आकडा एका बाइटमध्ये बरोबर भरतो. पॉट, कपॅसिटर, घड्याळाचा वेग आणि सूचनांची लांबी या चार गोष्टी एकमेकांना अशा बेतून बसवलेल्या आहेत की एकही हलवली तर गणित कोसळेल. आणि ती हलवायची गरज नव्हती, कारण प्रत्येक ॲपल टूचं घड्याळ तेच, १.०२३ मेगाहर्ट्झचं. बेसिकमध्ये हे सगळं एका ओळीत मावे. पीडीएल(०) लिहिलं की ० ते २५५मधला आकडा हजर. शाळकरी पोरालाही जमावं इतकं सोपं.

एक उणीव मात्र राहिली होती, आणि ती अजूनही नवख्याला चकवते. सुटताना चारही टायमर एकदम सुटतात, पण वाचताना एकावेळी एकच वाचला जातो. पहिल्या घुंडीचं उत्तर लवकर आलं आणि लगेच दुसरी वाचायला घेतली, तर दुसरीचा टायमर आधीच्या फेरीतला अजून चालूच असू शकतो. तो नव्याने सुटत नाही, आधीचंच उरलेलं संपवतो. परिणामी एक काठी हलवली की दुसऱ्या दिशेचा आकडा विनाकारण हलल्यासारखा दिसतो. दोष पॉटचा समजून लोक पॉट बदलत बसतात. उपाय साधा आहे, दोन वाचनांमध्ये तीनेक मिलिसेकंदांचा विसावा. पुस्तिकेतल्या ॲपलच्या प्रोग्रॅममध्ये तो रिकामा दिसणारा लूप त्यासाठीच आहे. कृपया तो ‘अनावश्यक’ म्हणून काढू नका.

जोडणीची सोय मात्र वाईट होती. जॉयस्टिकसाठी १६ पिनांचं आयसीचं सॉकेटच मदरबोर्डवर दिलेलं होतं. डब्याचं झाकण उघडायचं, नाजूक पायांचा प्लग आत दाबून बसवायचा आणि वायर मागच्या फटीतून बाहेर काढायची. दोन-चारदा काढ-घाल झाली की एखादा पाय वाकलाच म्हणून समजा. १९८३च्या ॲपल टू-ई मॉडेलमध्ये मागच्या बाजूला नऊ पिनांचा व्यवस्थित सॉकेट आला तेव्हा कुठे ही शिक्षा संपली. दिसायला तो अटारीच्या नऊ पिनांसारखाच, पण आतली जोडणी पूर्ण वेगळी. दोन्ही घरात असतील तर प्लगांवर खुणा करून ठेवा.

इतरांनी काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातली दोन-तीन उत्तरं ॲपलपेक्षा सरस होती.

अटारीने १९७९च्या ४०० आणि ८०० या संगणकांत वेळ मोजायचं काम प्रोसेसरकडून काढून पोकी नावाच्या चिपला दिलं. कपॅसिटर भरतोय तोवर ती चिप टीव्हीच्या आडव्या रेषा मोजत राहते, जास्तीत जास्त २२८. प्रोसेसर तोवर खेळाचं आपलं काम करतो आणि मोकळा झाला की तयार आकडा उचलतो. कमोडोर ६४मध्येही तीच रीत, फक्त जागा गमतीची: १९८२च्या त्या यंत्रात पॉट वाचणारं सर्किट संगीताच्या सिड चिपच्या पोटात होतं. दर ५१२ सायकलींना नवा आकडा. पॉट ४७० किलोओहमचे. पण सिडला दोनच तारा आणि यंत्राला दोन पोर्ट, त्यामुळे मधे एक इलेक्ट्रॉनिक स्विच बसवून आलटून पालटून पोर्ट जोडावे लागत, आणि तो स्विच ज्या तारांवर चाले त्याच कीबोर्ड तपासायलाही वापरलेल्या. म्हणून कमोडोरवर पॉट नीट वाचायचा तर क्षणभर कीबोर्डाचं तपासणं थांबवावं लागतं. एका चिपची काटकसर दुसऱ्या प्रोग्रॅमरच्या डोक्याला ताप होते, याचे दाखले या विषयात पावलोपावली सापडतात.

टँडीच्या १९८०च्या कलर कॉम्प्युटरने वेळेचा नाद सोडून थेट व्होल्टेज धरलं. आकड्याचं व्होल्टेज करणारं सहा बिटांचं सर्किट त्यात आवाजासाठी आणि कॅसेटसाठी होतंच. त्यातून अंदाजाचं एक व्होल्टेज काढायचं, पॉटच्या व्होल्टेजशी ताडून पाहायचं, जास्त-कमी बघून पुढचा अंदाज करायचा. सहा अंदाजांत ० ते ६३मधलं उत्तर येतं. इथे पॉटचे तिन्ही पाय वापरावे लागतात, आणि त्याचा एक मोठा फायदा आहे. पॉट शंभर किलोओहमचा की ऐंशीचा याला महत्त्व उरत नाही, हात पट्ट्यावर कुठल्या प्रमाणात सरकला एवढंच मोजलं जातं. वेळ मोजणाऱ्या यंत्रांत मात्र पॉटचा प्रत्येक किलोओहम हिशेबात येतो.

सगळ्यांत शिस्तीचं काम ब्रिटिशांचं. एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१मध्ये आला तो जपानच्या एनईसी कंपनीचं चार वाटांचं रूपांतर करणारी चिप घेऊनच. एका वाटेचं मोजमाप सुमारे १० मिलिसेकंदांत, तेही पडद्याआड. ऑपरेटिंग सिस्टिम एकामागून एक चारही वाटा वाचत राहते आणि बेसिकमधला ॲडव्हाल हा शब्द ० ते ६५५२०मधला ताजा आकडा देतो. मागचा १५ पिनांचा पोर्ट नुसता खेळाचा नव्हता, त्याला तापमान मोजणारा थर्मिस्टर लावा, प्रकाश मोजणारा सेल लावा, सगळं चालतं. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी केलेली ती रचना होती. भारत सरकारने १९८४मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुमारे अडीचशे शाळांत हीच यंत्रं गेली. आपल्याकडच्या एका पिढीचा पहिला संगणक तो. त्याच्या पाठीवरचा तो ॲनालॉग पोर्ट किती शाळांनी विज्ञानाच्या तासाला वापरला असेल याबद्दल मात्र मला दाट शंका आहे. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून आत जाण्याच्या त्या दिवसांत यंत्राच्या मागे हात घालायची कुणाची टाप होती?

आता आयबीएम. इथे थोडं थांबू, कारण पुढची वीस वर्षं जगभर ‘गेम पोर्ट’ म्हणून जे ओळखलं गेलं ते इथून निघालं.

फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे आयबीएमच्या एका लहान गटाने वर्षभरात, बाजारात मिळतील ते भाग जोडून पीसी उभा केला आणि ऑगस्ट १९८१मध्ये तो जाहीर केला. जॉयस्टिकची सोय मूळ यंत्रात नव्हती. ‘गेम कंट्रोल ॲडाप्टर’ हे कार्ड वेगळं विकत घ्यायचं, ५५ डॉलर मोजून. त्या कार्डावर पाहिलं की वॉझ्नियाकची पद्धत लगेच ओळखू येते. तीच चार टायमरांची ५५८, चार कपॅसिटर, चार वाटा. पॉट शंभर किलोओहमचे, कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचे, प्लग १५ पिनांचा. हेक्साडेसिमल २०१ या पोर्टवर काहीही लिहिलं की टायमर सुटतात, आणि तोच पोर्ट वाचला की आठ बिट मिळतात: खालचे चार काठ्यांच्या चार अक्षांचे, वरचे चार बटणांचे. अक्षाचा बिट किती वेळ १ राहतो ते मोजायचं.

किती वेळ, याचं सूत्र आयबीएमने तांत्रिक पुस्तकात छापलेलं आहे. मायक्रोसेकंदांतला वेळ म्हणजे २४.२ अधिक ओहममधल्या रोधाची ०.०११ पट. हे २४.२ वरवर पाहता आकाशातून पडल्यासारखे वाटतात. पण कार्डावर प्रत्येक वाटेत २.२ किलोओहमचा एक कायमचा रोधक आहे, काठी पूर्ण डावीकडे गेली तरी रोध शून्य होऊ नये म्हणून. २२००ला ०.०११ने गुणा, २४.२च येतात. म्हणजे डाव्या टोकाला २४ मायक्रोसेकंद, मध्यावर ५७४ आणि उजव्या टोकाला ११२४. पुस्तिकेत हे सूत्र तीन-चार ठिकाणी येईल, म्हणून इथेच फोड करून ठेवली.

इथपर्यंत ठीक. माझी तक्रार पुढे आहे. ॲपलची युक्ती घेताना तिच्या पोटातली अट आयबीएमने लक्षात घेतली नाही. फेऱ्या मोजून वेळ कळतो तो घड्याळ सगळीकडे सारखं असेल तरच. ॲपल टूमध्ये ते सारखं होतं. पीसी मात्र पहिल्या दिवसापासून वाढण्यासाठी जन्मला होता. ४.७७ मेगाहर्ट्झचा पहिला, १९८४च्या एटीमध्ये ६, मग ३८६ आले, ४८६ आले, ३३ आणि ६६ मेगाहर्ट्झ झाले. कपॅसिटर मात्र भरायला तेवढाच वेळ घेत होता. फेऱ्या मोजणाऱ्या खेळाला वेगवान यंत्रावर दहापट मोठे आकडे येऊ लागले. काही खेळांत बाइट भरून आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होई आणि विमान गरकन दुसऱ्या कुशीवर वळे. काहींत वाट पाहण्याची मर्यादा फेऱ्यांत ठरवलेली असे, ती मर्यादा आधीच संपे आणि पडद्यावर जॉयस्टिक जोडलेलीच नाही असा शेरा येई. जॉयस्टिक खरोखर नसेल तर तो बिट कधीच खाली येत नाही, त्यामुळे प्रोग्रॅमचा तरी काय दोष?

यावर बाजाराने काढलेला तोडगा नमुनेदार आहे. मागच्या पट्टीवर छोटी घुंडी असलेली गेम कार्डं विकायला आली. यंत्र जितकं वेगवान, तितकी घुंडी फिरवून टायमरचा पल्स आखूड करायचा. म्हणजे मोजणारा घाईचा झाला म्हणून मोजायची वस्तूच लहान केली! खरा उपाय पीसीमध्ये पहिल्यापासून होता. त्यातली ८२५३ ही चिप प्रोसेसरच्या वेगाशी संबंध न ठेवता सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार टिचक्या मोजत असते. तिचा आकडा सुरुवातीला आणि शेवटी वाचून वजाबाकी केली की कुठल्याही यंत्रावर काठीची उजवी कड साधारण १३४० टिचक्यांवरच येते. शहाण्या प्रोग्रॅमरांनी हेच केलं. पुस्तिकेतलं पीसीचं रूटीनही याच पद्धतीचं आहे. त्यात मोजणीच्या आधी इंटरप्ट बंद केलेले दिसतील, कारण मधेच कीबोर्डाने हाक मारली तर मोजणाऱ्याचं लक्ष उडतं आणि काठी न हलवता हलल्यासारखी दिसते.

वेगाचा प्रश्न सुटला तरी पॉटचा उरतोच. कार्बनच्या साध्या पॉटवर १०० किलोओहम लिहिलेलं असलं, तरी तो २० टक्के इकडे-तिकडे असू शकतो. ८० भरला तर उजवं टोक ९०४ मायक्रोसेकंदांवर, १२० भरला तर १३४४वर. त्यात कपॅसिटरचा फरक आणखी. म्हणून डॉसवरचा प्रत्येक विमानाचा खेळ सुरुवातीला तुम्हाला कवायत करायला लावी: काठी वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, खालच्या उजव्या कोपऱ्यात न्या, बटण दाबा, मध्यावर सोडा. काही काठ्यांच्या बैठकीवर दोन छोटी चाकं असत, ती फिरवून मध्य हातानेच जुळवायचा. ॲपलच्या काळातल्या काही काठ्यांत तर स्प्रिंगा सोडवायचा खटकाही होता, म्हणजे काठी जिथे ठेवाल तिथेच राहते. चित्र काढायला तीच बरी.

पण ही जुगाडू रचना टिकली, आणि ती टिकवणाऱ्यांत वैमानिकांचा वाटा मोठा. ब्रूस आर्टविक यांचं ‘फ्लाइट सिम्युलेटर’ आधी ॲपलवर होतं, १९८२मध्ये मायक्रोसॉफ्टने ते आयबीएम पीसीवर आणलं, आणि तिथून पुढे पीसीवरची जॉयस्टिक म्हणजे विमानाची काठी हे समीकरण पक्कं झालं. दोन काठ्यांसाठी दिलेले चार अक्ष एकाच वैमानिकाने बळकावले: दोन काठीचे, एक पायातल्या रडरचा, एक थ्रॉटलचा. काठीच्या टोकावरच्या चारमुखी बटणाला जागा उरली नाही, तेव्हा थ्रस्टमास्टरने ते एका अक्षावर बसवलं. दिशेगणिक वेगळा रोधक जोडला जातो आणि संगणक वेळेवरून दिशा ओळखतो. सीएच प्रॉडक्ट्सने वेगळी वाट धरली, एका दिशेला दोन-तीन बटणं एकदम दाबल्याचा संकेत. त्यामुळे त्या काठीवर ती बटणं खरोखर एकदम दाबायची सोय राहिली नाही. मायक्रोसॉफ्टच्या १९९५च्या साइडवाइंडर थ्री-डी प्रोने तर बटणांच्या तारांवरून चक्क आकडेच पाठवायला सुरुवात केली. १९८१मध्ये कुणी कल्पनाही केली नसेल असा त्या चार तारांचा वापर.

आपल्याकडे हा पोर्ट बहुतेकांनी पाहिला तो साउंड कार्डाच्या पाठीवर. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने १९८९मध्ये साउंड ब्लास्टर काढलं तेव्हा त्यावर गेम पोर्टही दिला, आणि नंतर सगळ्यांनीच ती रीत उचलली. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या पीसीच्या मागे स्पीकर-माइकच्या गोल भोकांशेजारी तो लांबट १५ भोकांचा सॉकेट हमखास असायचा. त्यात धूळच जास्त बसली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बाणांच्या बटणांवर उत्तम चालत असताना जॉयस्टिकवर वेगळा खर्च करायला घरातलं कोण तयार होणार? उपयोग केला तो संगीतवाल्यांनी, त्याच सॉकेटमधून मिडीची वायर काढून कीबोर्ड जोडायला.

१९९६मध्ये यूएसबी आलं आणि मोजण्याचं काम काठीच्या पोटातल्या चिपकडे गेलं. विंडोज व्हिस्टाने गेम पोर्टला रजाच दिली. आज हा विषय उरला आहे तो जुनी यंत्रं जिवंत ठेवणाऱ्यांपुरता, आणि ही पुस्तिका त्यांच्याच टेबलावर उघडी पडेल असं धरून लिहिली आहे. तेव्हा सोल्डरिंग गन गरम होईतो दोन-तीन गोष्टी.

काठी हातात आली की आधी मल्टिमीटर लावा, प्लग मागाहून. काठी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि आकडा सलग चढतो का पाहा. मधेच उडी मारत असेल तर पट्टा मळलेला किंवा झिजलेला आहे. मळलेला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने सुधारतो, झिजलेला असेल तर पॉट बदला.

ॲपलची दीडशे किलोओहमची काठी पीसीला लावायची झाली, तर प्रत्येक पॉटला समांतर ३०० किलोओहमचा रोधक जोडला की कमाल रोध बरोबर १०० होतो. मात्र मध्य सरकतो: ७५ला ३०० समांतर म्हणजे ६०, जिथे ५० हवेत. विमान उडवणाऱ्याला हे खपणार नाही, त्याने पॉटच बदलावेत. उलट दिशेने, पीसीची काठी ॲपलवर लावली तर आकडा २०५च्या आसपास अडकतो. तिथे कपॅसिटरला समांतर आणखी एक छोटा कपॅसिटर पुरतो, आणि मध्यही हलत नाही.

शेवटचं, पिनांबद्दल. आयबीएमच्या मूळ कार्डावर १२ नंबरची पिन ग्राउंडला आणि १५ नंबरची पाच व्होल्टला आहे. साउंड कार्डांनी याच दोन पिना मिडीसाठी घेतल्या. जुन्या तक्त्यावरून दोन काठ्यांची वायर बनवताना दुसऱ्या काठीला पाच व्होल्ट १५मधून दिले, तर ती वायर मूळ कार्डावर चालेल आणि साउंड कार्डावर दुसरी काठी मुकी राहील. पाच व्होल्ट ९ नंबरमधून घ्या आणि ग्राउंड ४ किंवा ५मधून. दोन्हीकडे चालतं.